पुष्पावतीचा हात

"अगं, पण तो डावाच की," दोड्डक्का म्हणाल्या आणि सुपातल्या अवरेच्या शेंगा पुन्हा सोलायला लागल्या.

पुष्पावतीचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा अजून उंबऱ्याच्या आत. बाहेर ऑटोवाला इंजिन चालू ठेवून खोकत होता. 'येते' म्हणायचं आणि निघायचं, एवढंच खरं तर उरलं होतं. पण जिभेला हाड नसतं म्हणतात ते काय खोटं? ती आपली सांगून बसली की पहाटे अंबाबाईला कौल लावला आणि उजवा मिळाला. दोड्डक्का म्हणजे तिची थोरली जाऊ. घरात कौल लावायचा तो दोड्डक्कांनीच, सोयरीक असो नाहीतर जागा घेणं असो. पुष्पावतीनं लग्न होऊन या घरात आल्यापासून मागं उभं राहून नुसते हात जोडले होते. आज पहिल्यांदा तिनं कुणाला न विचारता देवीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची ओली पाकळी चिकटवली होती आणि मनात म्हटलं होतं, आई, हात वर करायचा असेल तर उजवा दे. पाकळी पडली ती पुष्पावतीच्या उजव्या हाताची. माहेरी निपाणीकडं बघणाऱ्याचा उजवा तो उजवा. "तुमच्यात धरत असतील तसं," दोड्डक्का म्हणाल्या, "पण देवी आपल्याकडं तोंड करून बसलीय नव्हे? तिचा उजवा कुठला? आपला डावा. आपल्या घरात देवीचा धरतात, पुष्पा. एवढी वर्षं झाली, एवढं ठाऊक नाही?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऑटो निघाला. मादनकेरेच्या नव्या वसाहतीतून नगरसभेच्या कचेरीपर्यंत तळ्याला वळसा घालून जावं लागे. तळं म्हणजे आता नावाचंच; अर्ध्यावर मातीचे ढिगारे पडले होते आणि त्यांवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट आखले होते. पलीकडं पूर्वेला कसल्याशा कॉम्प्युटर कंपनीची काचेची इमारत उठत होती. पुष्पावतीनं पदर आवळून घेतला आणि आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत बसली. ती नगरसभेची सदस्य होती आणि आज अध्यक्ष शेषगिरी अण्णांवर अविश्वास ठराव येणार होता. हात वर करून मतदान. ठराव आणणाऱ्यांना एक हात कमी पडत होता आणि तो हात पुष्पावतीचा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं; भाजीवाली सुद्धा काल जुडी देताना हाताकडंच बघत होती. म्हणून तर तिनं देवीला मध्ये घातलं. आता देवीनं हो म्हटलं की नको म्हटलं? पाकळी तीच, पडली तीच, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. निपाणीच्या हिशेबानं अण्णांना उतरव, आणि सासरच्या हिशेबानं गप बस. आणि देवी तरी कुठली होती? मूर्ती सासरची. विचारणारी माहेरची. तिनं ऑटोची दांडी घट्ट धरली. ऑटोवाला आरशात बघून कानडीत म्हणाला, "अक्का, स्वल्प हळू घेऊ काय?" ती म्हणाली, "नको. घे तसंच."

अण्णा पहिल्यांदा भेटले ते शहरातल्या चिकपेटच्या दुकानात. नरसिंगरावांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, तिथं साड्यांचं घाऊक दुकान. आजोबांच्या काळापासून गादी तीच. मादनकेरेचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा शेषगिरी अण्णा मुद्दाम शहरात आले, चपला बाहेर काढून गादीवर बसले, कॉफी प्याले आणि म्हणाले, "रावसाहेब, तुमच्या मंडळींना उभं करा." नरसिंगराव म्हणाले, "माझी काय हरकत नाही." त्यांची नव्हतीच, तिची आहे का, हे विचारायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. ती आतल्या बाजूला साड्यांच्या घड्या घालत होती. आपण उभ्या राहणार हे तिला असं पाठमोरं कळलं. पण मग अण्णांनीच तिला माणसांपुढं बोलायला शिकवलं. "अक्का, मायकाकडं बघू नका, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीकडं बघा. तिला सांगा." ती निवडून आली त्या दिवशी अण्णांनी तिला वाकू दिलं नाही, म्हणाले, बहिणीनं पाया पडायचं नसतं. तिला सख्खा भाऊ नव्हता. हे असलं माणूस विसरत नाही, कितीही विसरायचं म्हटलं तरी.

आणि पाणी अण्णांनीच आणलं, हे तरी कुणी नाकारावं? वसाहतीत पहिली पाइप आली तेव्हा नळाला हळदकुंकू लावून तिनं नारळ फोडला होता. बायका घागरी घेऊन अक्षरशः नाचल्या होत्या. मग वसाहत वाढली, पाइप पुरेना, तेव्हा टँकर आले. टँकर अण्णांच्या भाच्याचे, प्रदीपकुमारचे. पाणी तळ्याकाठच्या बोअरचं. त्याच तळ्यात माती आणि गावचा कचरा पडत होता. उन्हाळ्यात पाण्याला वास यायला लागला, मग रंग. वाणीचं, तिच्या सुनेचं, बाळ पिवळं पडलं. डोळ्यांतलं पांढरं हळदीत बुडवल्यासारखं. ते वाचलं. मागल्या गल्लीतल्या हनुमक्काची पोर वाचली नाही. सात-आठ वर्षांची पोर, नगरसभेच्या नळावर नंबर धरायला घागरीऐवजी वीट ठेवून पळून जायची. पुष्पावतीला अजून नळापाशी वीट दिसली की ती कुणाची ते बघायला पाय थांबत.

ती अण्णांना बोलली नव्हती असं नाही. बोलली होती, पुन्हा पुन्हा. एकदा त्यांच्या घरी, एकदा कचेरीत, एकदा कुणाच्या लग्नाच्या मांडवात. अण्णा म्हणत, "बघतो अक्का." बघत नसत. मग उपाध्यक्ष पुरुषोत्तम घरी आला. तो तरुण, तेल लावून भांग पाडलेला, बोलताना खुर्चीच्या कडेवर बसणारा. त्यानं ताटलीत विड्याचं पान आणि हळद ठेवली आणि म्हणाला, "पुष्पक्का, यावर हात ठेवा. पोर गेलीय आपल्या गावची." हनुमक्काच्या पोरीची गोष्ट त्याच्या तोंडी आली तसे तिचे डोळे भरले आणि तिनं हात ठेवला. आपल्या बाजूच्या बाकी सदस्यांना त्यानं म्हैसूर रस्त्यावरच्या कुठल्याशा बागेत नेऊन ठेवलं होतं, फुटू नयेत म्हणून. ती बाईमाणूस, म्हणून घरी राहायची सवलत. तो गेला आणि दोन दिवसांत अण्णा आले. कॉफी घेतली, बाळाच्या गालाला हात लावला. तिनं पोह्यांची बशी पुढं केली आणि हसून म्हणाली, "अण्णा, मी तुमच्याविरुद्ध कशी जाईन?" कुणी शिकवलं होतं तिला असं बोलायला? कुणी नाही. दारी आलेल्या माणसाशी असंच बोलतात. आता दोन्हीकडं शब्द दिलेला, आणि तिसरा शब्द देवीकडं मागितलेला, तोही दोन तोंडांचा निघाला. भले!

रात्री जेवताना नरसिंगराव म्हणाले होते, "एकदा का खुर्चीवरनं माणूस ओढायची चटक लागली की सुटत नाही. आज याला, उद्या त्याला. जो बसेल तो गावचं काम करायचं सोडून हात मोजत बसेल. चिकपेटात बघ की, ज्या संघटनेत दरसाल अध्यक्ष पाडतात तिथं गटाराचं झाकणसुद्धा बसत नाही." यावर वाणी, एरवी सासऱ्यांपुढं शब्द न काढणारी वाणी, भात कालवता कालवता म्हणाली, "म्हणजे पाच वर्षांनी एकदा बोलायचं, आणि मधली वर्षं मुकं बसून ते पाणी प्यायचं?" पुष्पावतीला दोघांचंही पटलं होतं, हीच तिची पंचाईत होती. नरसिंगराव बोलत तेव्हा त्यांचं खरं वाटे; वाणी बोलली की काळजात काहीतरी हलून बसे. लोक म्हणतात पुष्पक्काला ठाम मत नाही. मत होतं की! एकाऐवजी दोन होती, आणि ती एकमेकींशी नणंदा-भावजयांसारखी भांडत होती.

कचेरीच्या आवारात जत्रा भरली होती. पुरुषोत्तमचे सदस्य बसमधून उतरत होते, बागेतल्या मुक्कामानं तोंडं सुजल्यासारखी. कुणीतरी तिला बघून ओरडलं, "आल्या, पुष्पक्का आल्या!" आणि दोन्ही बाजूंची माणसं हसली, दोघांनाही ती आपलीच वाटत होती. सभागृहात वरून आलेला एक अधिकारी मधल्या खुर्चीवर बसला होता. अण्णांची उंच पाठीची खुर्ची भिंतीला सरकवली होती आणि अण्णा एका साध्या लाकडी खुर्चीवर, सदस्यांत. ती खुर्ची डुगडुगत होती. पुष्पावतीला वाटलं, उठावं आणि खालच्या पायाला कागदाची घडी लावून द्यावी. शिपायानं सगळ्यांपुढं पाण्याचे पेले ठेवले. ठराव वाचला गेला: पाणीपुरवठ्यात हलगर्जी, नात्यातल्या माणसाला कंत्राट, तळ्याच्या जमिनीचा गैरव्यवहार. तळ्याचं वाचताना पुरुषोत्तमनं छताकडं पाहिलं; प्लॉटांच्या रेघा मारणारी माणसं त्याचीच होती, असं सगळे म्हणत. मग अण्णांना बोलायला सांगितलं.

अण्णा उठले. त्यांनी मायक बाजूला केला, शेवटच्या रांगेकडं पाहिलं, आणि शेवटच्या रांगेत आज पुष्पावतीच होती. "या गावाला पाणी मी पाजलं," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. "तुम्ही घागरी डोक्यावर घेऊन दीड कोस चालत होता, तेव्हा यातले किती जण होते? चुका झाल्या असतील. पण मला काढून तुम्हाला काय मिळणार? नवा माणूस येईल, त्याला कामाच्या वाटा समजायला दोन वर्षं. आणि तो घाबरून बसेल, कारण त्याला दिसलं असेल की इथं माणूस कसा उतरवतात." त्यांचं सगळं खरं होतं. ही तर तिचीच रात्रीची भांडणं कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवत होतं. तिनं ठरवलं, नाही करायचा हात वर. दोड्डक्का म्हणतात तेच बरोबर, देवीचा उजवा तोच उजवा. आणि मग बोलून घसा सुकला म्हणून अण्णांनी पिशवीत हात घातला, सीलबंद पाण्याची बाटली काढली, झाकण पिळलं आणि प्याले. पुढ्यात नगरसभेचा पेला तसाच. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यांना कळलंही नाही. तिनं पुरुषोत्तमकडं पाहिलं, त्याच्यापुढंही बाटली होती. मग तिनं सगळ्या रांगेवरून नजर फिरवली. या बाजूचे आणि त्या बाजूचे, एकानंही पेल्याला हात लावला नव्हता. आणि तिनं तरी कुठं लावला होता? तिला फार मोठ्यानं रडावंसं वाटलं, आणि राग आला, पण कुणाचा ते कळेना. अण्णांचा, पुरुषोत्तमचा, त्या गोऱ्यापान अधिकाऱ्याचा, की आपला. अधिकारी म्हणाला, "ठरावाच्या बाजूचे, हात वर." पुढच्या रांगांतले हात वर गेले. वर गेलेल्या हातांमधून अण्णा मागं वळून तिच्याकडं बघत होते, भाबडेपणानं, आपल्या माणसाकडं बघावं तसं. काय विचार केला त्या क्षणी, असं पुढं पुष्कळांनी तिला विचारलं. विचार कसला! मनगटावरच्या बांगड्या कोपरापर्यंत खाली आल्या, त्यांचा आवाज झाला, तेव्हा तिला कळलं की हात वर गेलाय. आणि तो हात किती हलका होता. तिला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या माणसाला उतरवायचं म्हणजे काही जड लागेल. काहीच लागलं नाही. याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

बाहेर फटाके वाजले. पुरुषोत्तमच्या गळ्यात पहिला हार घातला तो प्रदीपकुमारनं, अण्णांच्या भाच्यानं. पुष्पावतीला आधी वाटलं आपण चुकीचं बघतोय. ती गर्दीतून वाट काढत पुरुषोत्तमपाशी गेली आणि म्हणाली, "टँकरचं काय करणार?" "करू की, अक्का," तो हारातून तोंड वर काढत म्हणाला, "कंत्राट मध्येच मोडता येत नाही. कायद्याचं बघावं लागतं. तुम्ही काळजी करू नका." आणि अध्यक्षांच्या पांढऱ्या गाडीत बसून तो देवळाकडं गेला. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. आवार बघता बघता रिकामं झालं. काल अण्णांच्या पिशव्या धरणारी माणसं कुठं गेली कुणास ठाऊक. फाटकाशी अण्णा एकटेच उभे होते, येणाऱ्या ऑटोला हात करत. ऑटो थांबत नव्हते. तिचा सकाळचाच ऑटोवाला थांबलेला होता. आता काय करायचं? पुढून निघून जावं तर ते पाहणार. तिनं ऑटो त्यांच्यापुढं थांबवला आणि म्हणाली, "अण्णा, या. मीही तिकडंच." ते क्षणभर तिच्याकडं बघत राहिले. मग चढले आणि पार पलीकडच्या कडेला बसले, मध्ये पिशवी ठेवून.

तळ्याचा वळसा सुरू झाला. बाईनं तोंड उघडावं तर काय म्हणावं? माफ करा म्हणावं तर हात खोटा ठरणार, आणि न म्हणावं तर ती पोह्यांची बशी खोटी. शेवटी अण्णाच म्हणाले, "का, अक्का?" 

"पाणी," ती म्हणाली. "आमचं बाळ. हनुमक्काची पोर."

"मला आधी सांगायचं होतंत."

"सांगितलं होतं, अण्णा! घरी येऊन सांगितलं, कचेरीत सांगितलं, त्या लग्नात सांगितलं."

अण्णांनी मधली पिशवी जवळ ओढली. "सांगितलंत," ते म्हणाले. "पण हसून सांगितलंत. लग्नात तर माझ्या पानात तुम्ही पुरणाचं ओबट्टू वाढत होता. 'अण्णा, पाण्याचं स्वल्प बघा हं,' असं म्हणालात, आणि वर तूप घातलंत. मला वाटलं, चाललंय. फार वाईट असतं तर ही बाई हसली असती काय?" त्यांच्या आवाजात डाव नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं. "एकदा तरी ओरडायचं होतं माझ्यावर. बहीण म्हणालो होतो मी. एकदम हात वर केलात."

उत्तरं पुष्कळ होती. अध्यक्षावर ओरडणारी बाई गावात राहू शकते का? पोर मेल्यावर तुम्हाला हसणं ऐकू येतं आणि बोलणं येत नाही, हे कसं? पण त्या सगळ्यांच्या खाली आणखी एक होतं आणि ते वर येऊ नये म्हणून ती धडपडत होती: आपण खरंच ओरडून बघितलं नव्हतं. भांडायचा रस्ता लांबचा, लाजेचा, कॉफी तुटायचा रस्ता. त्यापेक्षा माणूसच काढून टाकणं सोपं गेलं. आणि ओरडली असती तर? तर ऐकलं असतं, की तिकीटच कापलं असतं? हात वर झाल्याशिवाय त्यांनी कधी असं मागं वळून तिच्याकडं पाहिलं होतं काय? तिला काही म्हणजे काही उमगेना. योग्य केलं असं वाटे, आणि पुढच्याच खड्ड्याला ते आपटून चुकीचं होई.

वसाहतीच्या तोंडाशी नळापाशी बायकांची रांग होती. इथवर बातमी पोचली नव्हती. ऑटोत अण्णांना बघून सगळ्या लगबगीनं उठल्या, पदर सावरले, आणि पुढची एक, हनुमक्काच ती, ऑटोच्या दांडीला हात लावून तोंडभर हसत म्हणाली, "अण्णा, टँकर काल आला नाही, आज पण नाही. स्वल्प बघा की हो." मागच्या बायकाही हसल्या. कुणीतरी म्हणालं, अण्णांना सांगितलं म्हणजे आता येईल. पोर गेलेली बाई हसत होती. अण्णांनी मान वळवून पुष्पावतीकडं पाहिलं आणि पाहतच राहिले.

पुष्पावती खाली उतरली. "अण्णांना नका सांगू," ती म्हणाली. "ते आता अध्यक्ष नाहीत. मला सांगा. उद्या कचेरीत चला, पुरुषोत्तमला सांगू. पण हसून नको सांगू, हनुमक्का. ओरडून सांग. माझ्यावर ओरड. आत्ता, इथं, ओरड माझ्यावर!"

हनुमक्कानं तिच्या तोंडाकडं पाहिलं, मग मागच्या बायकांकडं. "काय तरी काय बोलताय, अक्का," ती म्हणाली, आणि काय करावं ते न सुचून पुन्हा हसली.